पाच वाजताचं रडणं सकाळी सातलाच ठरलेलं असतं: एडीएचडी असलेलं मूल, थीम पार्क आणि जेवण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ८ वर्षांचा, एडीएचडी आहे (म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलता आणि आवेग जास्त), त्यासाठी सकाळी मिथाइलफेनिडेट या औषधाची लाँग अ‍ॅक्टिंग, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी घेतो, पुढच्या महिन्यात ४ दिवस थीम पार्कला जायचंय. आणि मागच्या वेळी काय झालं, तर दिवसभर पोराने तोंडात काही घातलं नाही, दुपारी मागवलेलं सगळं ताटात तसंच राहिलं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास भर रस्त्यात फरशीवर आडवं पडून रडारड, लाथा, आणि वरून सासूबाईंचं 'लाडावून ठेवलाय नुसता'. म्हणून तुम्ही विचारताय की दुपारचं जेवण त्याच्या गळी कसं उतरवायचं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना खाणं, बसणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते, १७ वर्षं झाली, आणि घरात भाचा असाच आहे, त्याच्यासोबत अशा तीन सहली केल्यात, त्यातली पहिली इतकी वाईट झाली की बहीण आणि मी परतीच्या प्रवासात एकमेकींशी बोललो पण नाही. तर माझं म्हणणं थोडक्यात असं की दुपारच्या जेवणाचा नाद सोडा. खरंच सोडा. त्या पाच वाजताच्या रडण्याचा निकाल सकाळी सातलाच लागलेला असतो, आणि तुम्ही भांडताय दुपारी एक वाजता, जेव्हा जिंकायची शक्यता सगळ्यात कमी.

कसं ते सांगते. ही गोळी पोटात गेली की तास-दीड तासात भूक मरायला लागते, हा तिचा सगळ्यात कॉमन साईड इफेक्ट, तुमच्या पोराचा हट्ट नाही. लाँग अ‍ॅक्टिंग प्रकारांचा असर कुठली गोळी आहे त्यावर साधारण ८ ते १२ तास राहतो. म्हणजे सातला दिली तर दुपारी एक वाजता ती ऐन भरात असते आणि तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर भरलेली प्लेट ठेवता. त्याला ती प्लेट आपल्याला तुडुंब जेवल्यावर कुणी परत पान वाढावं तशी दिसते. मग तिन्हीसांजेकडे गोळी उतरायला लागते, काही मुलांमध्ये उतरताना चिडचिड, रडू, अंगातली चुळबुळ सगळं एकदम उसळून येतं, आणि नेमकी त्याच वेळी दिवसभराची दाबलेली भूक जागी होते. त्यात ऊन, ८-१० किलोमीटर पायपीट, स्पीकर, गर्दी. एवढं सगळं एकत्र आल्यावर आठ वर्षांचं पोर फरशीवर पडणार नाही तर काय करणार?

आणि अजून एक, गोळी न घेणाऱ्या मुलांच्या आईबापांनी पण हे वाचा, कारण यातल्या बऱ्याच मुलांना पोटातून येणारे निरोप नीट ऐकूच येत नाहीत. भूक, तहान, शू लागलीय, थकलोय, हे सगळं मेंदूपर्यंत पोचतं तेव्हा खूप उशीर झालेला असतो. समोर रोलर कोस्टर असेल तर मग विचारूच नका. म्हणून 'भूक लागली का रे?' हा प्रश्न त्या चार दिवसांपुरता घरातून हद्दपार करा. त्याचं उत्तर 'नाही' येणार, आणि ते खोटं पण नसणार.

तर मग करायचं काय. जेवण गोळीच्या वेळेवर लावायचं, घड्याळातल्या एक वाजण्यावर लावायचं नाही. दिवसातलं मोठं जेवण सकाळी, गोळीच्या आधी. तुम्ही नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठवा, दात-अंघोळ-कपडे सगळं नंतर, आधी खाणं. मी तर बहिणीला सांगितलं होतं की अंथरुणातच दे. अंडी, दूध, चीज, दही, पीनट बटर लावलेला ब्रेड, जे काय तो घरी मुकाट्याने खातो ते. प्रोटीन आणि थोडी चरबी असेल तर पोट जरा जास्त वेळ धरतं, नुसतं गोड सीरियल दहा वाजेपर्यंत संपतं. हॉटेलचा बुफे ब्रेकफास्ट दिसायला छान, पण या मुलांसाठी तो सापळा आहे, चाळीस पदार्थ, लोकांची ये-जा, पोरगं सहा प्लेटी घेणार आणि दोन घास खाऊन उठणार. बुफे असेल तर एकाने खाली जाऊन प्लेट रूमवर आणायची, हॉटेलवाले बहुतेक वेळा हो म्हणतात, विचारून बघा.

खाऊन झालं की मग गोळी, रोजच्या वेळेच्या आसपास. मिथाइलफेनिडेट खाल्ल्यावर दिली तरी चालते.

आता इथे औषधांचं बोलूनच घेते, कारण खाली कुणीतरी विचारणारच. 'चार दिवस गोळी बंद ठेवली तर खाईल ना?' खाईल, पण अनोळखी गर्दीत, आवेगावर ताबा नसलेलं पोर हात सोडून पळालं तर तुम्ही जेवणाचं काय घेऊन बसणार? गोळी थांबवायचा किंवा डोस बदलायचा पहिला प्रयोग थीम पार्कात करू नका, डॉक्टरांशी बोलून घरच्या एखाद्या रविवारी करा. वेगळ्या टाईम झोनमध्ये जाणार असाल तर गोळीची वेळ कशी सरकवायची हे पण त्यांनाच आधी विचारा. परदेशात जाणार असाल तर त्या देशात हे औषध नेता येतं का ते बघा, काही देशांत कडक नियम आहेत, जपानमध्ये अ‍ॅम्फेटामाईन गटातली काही औषधं चक्क बेकायदा आहेत. गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसोबत, हातातल्या बॅगेत. पार्किंगमधल्या तापलेल्या गाडीत ठेवू नका. काही लाँग अ‍ॅक्टिंग गोळ्या अख्ख्याच गिळायच्या असतात, फोडल्या-चावल्या तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो, तर काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ खाण्यावर घालून न चावता गिळता येतात, तुमची कुठली ते पत्रकात बघा. आणि ज्यांची मुलं ग्वानफसिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधावर आहेत त्यांनी पाण्याकडे दुप्पट लक्ष द्या, त्या औषधाने बीपी खाली जाऊ शकतो, ऊन आणि डिहायड्रेशन झालं की चक्कर येते. ते औषध भरपूर चरबीच्या नाश्त्यासोबत द्यायचं पण नसतं, रक्तात जास्त चढतं. म्हणजे वरचा माझा पीनट बटर-चीजचा सल्ला त्यांच्यासाठी नाही! अ‍ॅटोमॉक्सेटिन हे अजून एक औषध, ते घेणाऱ्यांना उलट रिकाम्या पोटी मळमळू शकतं, त्यांनी खाल्ल्यावरच द्यावं. झालं औषधपुराण.

दुपार. सकाळी दहा ते चार या वेळात माझा एकच नियम, बसून जेवायची सक्ती नाही, पण दर तास-दीड तासाने तोंडात काहीतरी गेलं पाहिजे, दोन घास का होईना. आणि हे कुठे करायचं? रांगेत! थीम पार्कमधलं सगळ्यात चांगलं डायनिंग टेबल म्हणजे राईडची रांग. बघा ना, तिथे तो कुठे पळू शकत नाही, ४० मिनिटं करायला काही नाही, या मुलांना वाट बघणं म्हणजे शिक्षाच वाटते, हातांना काम हवं असतं, आणि राईड समोर दिसत असते त्यामुळे मूड चांगला असतो. अशा वेळी त्याच्या हातात न विचारता एक चीजचा तुकडा ठेवला तर तो तोंडात जातो. माझ्याकडे यायची एक मुलगी, ९ वर्षांची, तिच्या आईने तिला कमरेला बांधायचा छोटा पाऊच दिला होता, त्यात पाच छोट्या झिपच्या पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने आकडा. पहिली पहिल्या रांगेत, दुसरी दुसऱ्या रांगेत. एकीत चार चीजचे तुकडे, एकीत सुकामेवा, एकीत नुसती कुरकुरीत बिस्किटं, असं. आई सांगत होती की तिसऱ्या रांगेत पोरगी स्वतःच म्हणाली 'तीन नंबर कुठंय', आणि खाऊन रिकामी पिशवी उलटी करून आईला दाखवली. घरी जेवणाच्या टेबलावर हीच मुलगी पाऊण तास घास गालात धरून बसते हो.

यात जादू काही नाही, निर्णय घ्यायचा नाहीये, प्रमाण डोळ्यासमोर छोटं आहे, आणि संपल्याचं दिसतंय, एवढंच. आणि मला विचाराल तर चावायला कडक, कुरकुरीत असलेलं खाणं आणि स्ट्रॉने ओढून प्यायचं काहीतरी घट्ट, यांनी बरीच मुलं रांगेत शांत राहतात. माझ्या कामात हे रोज दिसतं. गाजराच्या कांड्या, सफरचंदाच्या फोडी, घट्ट मिल्कशेक. गोळीमुळे चावायची इच्छा नसलेल्या मुलांना प्यायला देणं सोपं जातं, एक ग्लास दूध किंवा शेक म्हणजे अर्धं जेवण समजा. मात्र धावता धावता किंवा राईडवर बसल्यावर तोंडात काही नको, घास अडकतो. लहान भावंडं असतील तर अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं त्यांना देऊ नका.

आणि रांग कुठली ते पण बघा, गरगर फिरवणाऱ्या राईडच्या रांगेत शेक पाजला तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी स्वतः केलंय हे. भाच्याच्या टी शर्टवर आणि माझ्या नव्या सँडलवर. बोटीतून संथ फेरी, ट्रेन, शो, थ्रीडी सिनेमा यांच्या रांगा खाण्यासाठी, आणि उलट्या-पालट्या राईड खाण्याच्या आधी.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का हा प्रश्न येणारच. प्रत्येक पार्कचा नियम वेगळा, म्हणून जायच्या आधी ईमेल करून विचारा आणि उत्तर फोनमध्ये ठेवा, गेटवर वाद घालायला त्या वेळी तुमच्यात ताकद नसेल. आरोग्याच्या कारणासाठी खाणं न्यायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी सवलत असते, डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जवळ असली की काम सोपं होतं. काचेच्या बाटल्या-बरण्या मात्र नेऊ नका. रांगेत कमी वेळ उभं राहायची काही सोय एडीएचडीसाठी मिळते का हे पण त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

पाणी. प्रत्येक राईडच्या बाहेर पडायच्या दारात तीन घोट, मग पुढे. बाटली त्याच्या गळ्यात किंवा पाठीवर, स्ट्रॉवाली. आणि दर दोन तासांनी सगळ्यांनीच टॉयलेटला जायचं, त्याला एकट्याला 'लागलीय का' विचारायचं नाही. शूचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय.

आता समजा तुम्हाला एकदा तरी रेस्टॉरंटमध्ये बसायचंच आहे, बाकीची माणसं आहेत, आजी-आजोबांचे पाय दुखतात, त्यांना खुर्ची हवी. बरोबर आहे. पण तिथे या मुलांचं काय होतं ते एकदा त्याच्या जागी उभं राहून बघा. काउंटरवर छतापर्यंत उजळलेला मेन्यू, तीस-चाळीस नावं, दर काही सेकंदांनी बदलणारे फोटो, मागे वीस माणसं, काउंटरवरचा मुलगा विचारतोय 'काय देऊ', बाबा म्हणतायत 'पटकन सांग'. तो म्हणतो 'काहीच नको'. तुम्ही त्याला आवडतो म्हणून पिझ्झा घेता. वीस मिनिटं वास घेत बसायचं. तो टेबलाखाली जातो, मिठाची बाटली रिकामी करतो, ओरडा खातो. पिझ्झा येतो, त्यावर हिरवं काहीतरी भुरभुरलेलं. संपलं. आता तुम्ही ते हिरवं बोटाने काढताय, आणि तो रडतोय, 'आता पिझ्झाला तुझ्या बोटाचा वास येतो'.

यातली एकेक पायरी आधीच काढून टाकता येते. मेन्यू आदल्या रात्री फोनवर बघा, त्याला दोनच पर्याय द्या, निवडलेल्याचा फोटो सेव्ह करा. 'वर काही घालू नका, सॉस वेगळा द्या' हे ऑर्डर करतानाच सांगा. वेळ साडेअकरा किंवा अडीच, बारा ते दोनमध्ये अजिबात नको. एक मोठं माणूस पुढे जाऊन ऑर्डर देतं, टेबल धरतं, बिल पण देऊन टाकतं, आणि पोरगं दुसऱ्या कुणाबरोबर बाहेर सावलीत फिरत राहतं, ते खाणं टेबलावर आल्यावरच आत येतं. ही एक गोष्ट केली तरी निम्मा त्रास जातो. टेबल कोपऱ्यातलं, त्याची पाठ भिंतीकडे, स्पीकर आणि टीव्हीपासून लांब. आणि पाय! मोठ्यांच्या खुर्चीवर ८ वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात, पायाला आधार नसला की धड स्थिर राहत नाही, मग ते सतत चुळबुळतं आणि आपण 'नीट बस' म्हणत राहतो. पाठीवरची बॅग त्याच्या पायाखाली सरकवा. वेडेपणा वाटेल, पण करून बघा.

दहा-पंधरा मिनिटं बसला तर पुष्कळ झालं. उठायचं म्हणाला की एकाने त्याला घेऊन बाहेर जायचं, बाकीच्यांनी निवांत जेवायचं. काय खायला ठेवायचं आणि कधी, कुठे हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. 'अजून दोन घास, मग राईड' हा सौदा करू नका. एडीएचडीची मुलं सौद्यात आपल्यापेक्षा हुशार असतात, चार दिवसांत प्रत्येक घासाची बोली लागेल.

गोडाचं. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं की साखरेने त्याच्या अंगात येतं. साखर आणि वागणं यावर भरपूर अभ्यास झालेत, साखरेने मुलं जास्त चंचल होतात असं त्यांत दिसलं नाही. १९९४ मधला एक प्रयोग मला फार आवडतो, ज्या आयांना वाटायचं की आपल्या मुलाला साखर बाधते अशा ३५ आया आणि त्यांची ५ ते ७ वर्षांची मुलं घेतली, सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर होती. त्या आयांनी आपली मुलं जास्त चंचल असल्याचं नोंदवलं, त्यांच्यावर टीका पण जास्त केली! हे सासूबाईंना सांगू नका, भांडण होईल. रंगांचं मात्र जरा वेगळं आहे. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली, त्यानंतर २०१० पासून युरोपियन युनियनमध्ये असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो. परिणाम छोटा होता आणि सगळ्या मुलांवर सारखा नव्हता. म्हणून मी निळ्या-जांभळ्या सरबतावर बंदी घालत नाही, दिवसभर पाण्याऐवजी तेच नको एवढंच.

आईस्क्रीमची वेळ सकाळीच जाहीर करून टाका, 'चार वाजता, त्या लाल घुमटाच्या शेजारी'. जेवला तरी मिळणार, नाही जेवला तरी मिळणार. दिवसभर 'कधी घेणार' चा जप बंद होतो, आणि खरं सांगायचं तर ज्याने दुपारभर चिमणीएवढं खाल्लंय त्याला चार वाजता दुधाचं आईस्क्रीम मिळालं तर मी त्याला खाणंच म्हणते.

आणि चार वाजता पार्कमधून बाहेर. हो, तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे राहतात, माहितीये. पण तुमच्या पोराचा पाचचा टाइम बॉम्ब मागच्या वेळी बघितलाय ना तुम्ही? त्या वेळी तो हॉटेलच्या रूममध्ये, अंधार करून, एसीत, अंघोळ करून लोळत असला पाहिजे, आणि हाताशी खाणं. गोळी उतरली की या वेळी तो खरा जेवतो, काही मुलं तर अक्षरशः तुटून पडतात. साडेपाचला एक जेवण, आणि झोपायच्या आधी परत एक छोटं. रात्रीची आतषबाजी बघायची असेल तर या जेवणानंतर परत जा, पण चारपैकी एकाच दिवशी. तिसरा दिवस पार्कशिवाय, नुसता स्विमिंग पूल.

एवढं करूनही एखाद्या दिवशी फुटणारच. तेव्हा खायला देऊ नका, रडताना घास अडकतो, आणि समजावू पण नका, शब्द आत जात नाहीत. सावलीत न्या, शेजारी बसा, गार बाटली हातात द्या, गप्प राहा. दहा मिनिटांनी श्वास खाली आला की न बोलता बिस्किट पुढे करायचं. चक्कर, छातीत धडधड, किंवा उलट्या थांबत नसतील तर मात्र वाट बघू नका, थेट पार्कच्या फर्स्ट एडला. आणि सहलीनंतर घरी पण खाणं असंच राहिलं, वजन उतरलं, तर डॉक्टरांना भेटा, वेळ किंवा प्रकार बदलून बघता येतो.

सासूबाईंसाठी मी आयांना एक वाक्य देते, 'आई, औषधामुळे त्याला दुपारी भूक लागत नाही, तो संध्याकाळी जेवेल, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय'. शेवटचे तीन शब्द जास्त कामाला येतात. आणि त्यांच्याकडे एक काम सोपवा, त्या आकडे घातलेल्या पिशव्या भरायचं आणि रांगेत द्यायचं. आमच्या आईने ते काम घेतल्यापासून तिचं 'खात नाही, खात नाही' बंद झालं, आता ती मोजते कितवी पिशवी चाललीय.

जायच्या आधीच्या दोन रविवारी कुठल्यातरी बागेत जाऊन पाऊचची रंगीत तालीम करा, कुठल्या पिशव्या भरलेल्या परत येतात ते कळेल. आणि दोन जादा टी शर्ट घ्या, एक त्याचा, एक तुमचा.